व्हर्जिनियात बसून रडायचं

व्हर्ना स्टॅलर्डने एकसष्टाव्या वर्षी दुसरं लग्न केलं, आणि सरकारच्या लेखी त्याच दिवसापासून तिला माणसांची मनं कळेनाशी झाली. म्हणजे कॉपर बेंडहून निघाली तेव्हा चांगली कळत होती. तीस वर्षं तिने दुसरं काही केलंच नव्हतं. पण नवऱ्याच्या गाडीत मागे आपली भांडी, उशा आणि मांजर भरून ती नॉक्सव्हिलला राहायला गेली. नॉक्सव्हिल पडलं टेनेसीत. तिचं काउन्सेलरचं लायसन्स होतं व्हर्जिनियाचं. टेनेसीच्या माणसाने तिच्यासमोर रडायचं ठरवलं असतं तर तो गुन्हा झाला असता. त्याचा नाही, तिचा.

कॉपर बेंड हे गावच मुळात विचित्र. मधून ओढा वाहतो. ओढ्याच्या अलीकडे व्हर्जिनिया, पलीकडे टेनेसी. बियर कुठे स्वस्त आणि फटाके कुठे मोठे मिळतात, एवढ्यापुरतीच लोकांना ही हद्द आठवते. एरवी सोयरीक, भांडणं आणि कुत्री पुलावरून बिनदिक्कत ये-जा करतात. व्हर्नाचं ऑफिस व्हर्जिनियाच्या बाजूला, हार्डवेअरच्या दुकानाच्या माडीवर होतं. दोन्ही काठांची माणसं तिच्याकडे यायची, पण ‘काउन्सेलरकडे चाललोय’ असं म्हणायची कोणाची टाप नव्हती. मन दुखतंय असं सांगण्यापेक्षा त्या गावात माणूस मूळव्याध झालीय म्हणून सांगेल. म्हणून सगळे दुकानात शिरायचे, मूठभर खिळे घ्यायचे आणि मागच्या जिन्याने वर जायचे. दुकानदाराला वाटे, गाव केवढं मेहनती आहे.

सगळ्यात जास्त खिळे रॉस्को व्हॅनोव्हरकडे जमले होते. रॉस्को म्हणजे बंद पडलेल्या गाड्या ओढून नेणारा माणूस. स्वतःही गाडीएवढाच. गावातला एक नंबरचा विनोदी. त्याची बायको ओपल गेली त्यानंतर तो स्वतःच्या पलंगावर झोपू शकला नव्हता. बैठकीच्या खोलीत टीव्हीसमोरच्या खुर्चीत झोपायचा, आणि झोपण्याच्या खोलीचं दार उघडतसुद्धा नव्हता. हे त्याने जगात फक्त व्हर्नाला सांगितलं होतं, आणि तेही खिळ्यांची पुडी हातात चुरगाळत.

आता व्हर्नाने लग्न केलं, ते काय कोणाचं वाईट व्हावं म्हणून नव्हे. होबी केट्रन हा पियानो सुरात लावणारा माणूस होता. दिवसभर कान लावून ऐकायचा आणि घरी आल्यावरही ऐकायचा. तिच्या पहिल्या नवऱ्याने जन्मभर दोन्हीपैकी एकही गोष्ट केली नव्हती. तिने मागेपुढे न बघता हो म्हटलं. आपली माणसं आपण संगणकाच्या पडद्यावर बघू, असा तिचा साधा हिशोब होता.

तिने टेनेसीच्या लायसन्सच्या कचेरीत फोन केला.

“उपचार कुठे होणार?” पलीकडच्या बाईंनी विचारलं.

“पडद्यावर.”

“पडदा कोणत्या राज्यात आहे, मॅडम?”

“दोन पडदे आहेत. एक माझ्यासमोर, एक त्यांच्यासमोर.”

पलीकडे बराच वेळ कागद चाळल्याचा आवाज आला. मग निकाल लागला. माणूस जिथे बसलाय, तिथे उपचार झाला. व्हर्जिनियात बसलेला माणूस चालेल. टेनेसीत बसलेला चालणार नाही, टेनेसीचं लायसन्स येईपर्यंत. ते कधी येईल? सगळी पूर्तता झाली की. त्यातली एक पूर्तता म्हणजे, व्हर्ना शिकाऊ होती तेव्हा ज्यांच्या हाताखाली काम केलं त्या डॉक्टरांची सही.

“ते वारले,” व्हर्ना म्हणाली.

“अरेरे. त्यांचा ईमेल आहे?”

बोटांचे ठसेही हवे होते. हौस म्हणून तिने वर्षानुवर्षं मातीची भांडी घडवली होती, त्यात बोटं इतकी गुळगुळीत झाली होती की यंत्र तिला माणूस मानायलाच तयार होईना. दोनदा ठसे परत आले.

“मी लिहून देतो त्यांना,” होबी म्हणाला. “माणूस आहे. घोरते.”

“घोरतोस तू!”

“मग माझे ठसे पाठव.”

थोडक्यात, लायसन्स लांबलं. आणि ओढ्यापलीकडे टेनेसीच्या काठावर राहणारी तिची माणसं लटकली. त्यात रॉस्को होता, शाळेतली एक गणिताची बाई होती, पोस्टातला एक जण होता. व्हर्नाने त्यांना स्पष्ट सांगितलं: घरात बसून बोलता येणार नाही. पूल ओलांडा, व्हर्जिनियात या, आणि तिथे बसून काय रडायचं ते रडा.

पूल ओलांडला की पहिली सपाट जागा म्हणजे लिटल फोर्क बॅप्टिस्ट चर्चचं पार्किंग. दोन मोठ्या झाडांची सावली, फोनला रेंज झकास, आणि गुरुवारी सकाळी तिथे चिटपाखरूही नसतं. एकमेकांना न सांगता सगळ्यांनी तीच जागा शोधली. व्हर्नाने एकामागोमाग एक वेळा दिल्या होत्या; ज्याची वेळ होऊन गेली तो उरलेलं रडत बसायचा, ज्याची व्हायची तो आधीच सुरुवात करायचा.

प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला व्हर्नाला नियमाप्रमाणे विचारावंच लागे, “तुम्ही आत्ता कुठे आहात?”

“गाडीत,” रॉस्को म्हणाला.

“कोणत्या राज्यात?”

“दुःखाच्या राज्यात.”

“रॉस्को.”

“व्हर्जिनिया, मिस व्हर्ना, व्हर्जिनिया. पुढची चाकं तर नक्की.”

“तुम्ही पुलावर आहात?”

“मी पुढच्याच सीटवर बसतो ना! माझं बूड व्हर्जिनियात आहे.”

“गाडी पुढे घ्या. बुडाच्या भरवशावर मी माझं लायसन्स घालवणार नाही.”

त्याने गाडी पुढे घेतली, आणि मग कधी नव्हे ते बोलला. माडीवरच्या ऑफिसात तो विनोद करून वेळ काढायचा. इथे स्टिअरिंग हातात होतं, समोर काच होती, कोणी तोंडाकडे बघत नव्हतं असं त्याला वाटत असावं. ओपलचा उन्हाळी कोट अजून दाराच्या खुंटीला आहे, इथपर्यंत तो आला, आणि त्या धिप्पाड माणसाला हुंदका आवरेना. व्हर्नाच्या मनात आलं, सापडली वाट. आता हा गडी सुटेल.

तेवढ्यात त्याच्या काचेवर टकटक झाली.

पास्टर डेल्मर टॅकेट. लिटल फोर्कचा पास्टर म्हणजे किडकिडीत, लांब मानेचा, अतिशय भला माणूस. त्याच्या चर्चमधली माणसं वर्षागणिक कमी होत होती. रविवारी बाकांपेक्षा मागच्या दफनभूमीत गर्दी जास्त, असं लोक म्हणायचे. टॅकेटने सोडून द्यायचं जवळपास ठरवलं होतं. मेहुण्याने विम्याच्या कंपनीत जागा बघून ठेवली होती. आणि नेमक्या त्याच दिवसांत, गुरुवारी सकाळी, खिडकीतून त्याला दिसलं की आपल्या आवारात तीन गाड्या उभ्या आहेत आणि तिन्ही गाड्यांत माणसं ढसाढसा रडतायत.

दुसऱ्या कुठल्याही गावच्या माणसाला वाटलं असतं की काही अपघात झाला. पण टॅकेट जन्मापासून याच डोंगरातला. पवित्र आत्मा उतरतो, न बोलावता माणसं चर्चच्या दाराशी येतात आणि पश्चात्तापाने रडायला लागतात, त्याला तिकडे उज्जीवन म्हणतात. त्याच्या आजोबांनी ते पाहिलं होतं. त्याने फक्त ऐकलं होतं. तो धावत चर्चच्या स्वयंपाकघरात गेला, बायकोने जेवणासाठी करून ठेवलेली भरलेल्या अंड्यांची परात उचलली आणि बाहेर आला.

“रड, ब्रदर रॉस्को, रडून घे,” काच खाली होताच तो म्हणाला. “लाज कसली त्यात? अंडं घे.”

रॉस्कोने फोन मांडीखाली दाबला. व्हर्नाला पडद्यावर काळोख दिसला आणि आवाज तेवढा ऐकू आला.

“मी... प्रार्थना करत होतो, पास्टर.”

“ते मला दिसतंय, भावा! इथून दिसतंय!”

नॉक्सव्हिलमध्ये व्हर्नाने कपाळाला हात लावला. आपल्याकडे कोण येतं हे बोलायचा तिला अधिकार नव्हता. ‘पास्टर, जरा बाजूला व्हा, हा माझा माणूस आहे’ असं ती कुठल्या तोंडाने म्हणणार? आणि गुपित फुटलं तर रॉस्को पुन्हा जन्मात कोणासमोर तोंड उघडणार नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. ती रॉस्कोच्या मांडीखाली गप्प बसून राहिली.

पुढच्या गुरुवारी मक्याचा पाव आणि तळलेलं चिकन आलं. त्याच्या पुढच्या गुरुवारी पास्टरच्या बायकोने बर्फाचा गोड चहा आणला. गणिताची बाई चिकन खात खात आपल्या आईवरचा तीस वर्षांचा राग काढायला लागली. मग चर्चच्या पाटीवर अक्षरं झळकली: ‘गुरुवारी देव गाडीपाशी येतो.’ ते वाचून, ज्यांचा व्हर्नाशी काडीचा संबंध नाही असेही काही जण गाड्या घेऊन आले आणि रडायला लागले. कशाबद्दल, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. पण जेवण उत्तम होतं.

“तिथे जत्रा भरलीय,” व्हर्ना होबीला म्हणाली. नावं नाही सांगितली, एवढंच. होबी हसून हसून पियानोवर आडवा झाला, त्याबरोबर पियानोही केकाटला.

आणि मग एका दुपारी रॉस्कोचा फोन आला. “मिस व्हर्ना, एक घोळ झालाय.”

“काय झालं?”

“रविवारी माझा बाप्तिस्मा आहे.”

“तुम्ही हो म्हणालात?”

“म्हणालो नाही. त्यांनी विचारलं तेव्हा तोंडात अंडं होतं. मी मान हलवली ती ‘थांबा’ म्हणून. ते रडायलाच लागले. मग कसं नाही म्हणायचं?”

“रॉस्को, ‘नाही’ म्हणायचा आपण चार महिने सराव करतोय.”

“हो, पण चांगल्या माणसाला म्हणायचा सराव कुठे केलाय?”

व्हर्नाला पुढचं दिसायला लागलं. अख्ख्या गावासमोर ओल्या कपड्यांत उभा राहून हा माणूस खोटं बोलणार, आणि मग त्या खोट्याच्या ओझ्याने पुन्हा मुका होणार. रविवारी ती गाडी काढून कॉपर बेंडला गेली. काय करणार होती कोण जाणे. पण घरी बसवेना.

चर्च भरलेलं होतं. शेवटच्या बाकावर बसून व्हर्नाने समोर बघितलं तर निम्मी डोकी तिच्या ओळखीची. तिचा नियम असा, की बाहेर भेटलं तर त्यांनी ओळख दिल्याशिवाय आपण द्यायची नाही. आणि त्यांची तर काय बिशाद होती! पोस्टातला तिला बघून एकदम छताची लाकडं मोजायला लागला. गणिताच्या बाईने स्तोत्रांचं पुस्तक नाकापर्यंत वर उचललं, तेही उलटं. कोणाच्या मनात काय आहे ते सगळं माहीत असलेली बाई मागे बसली होती, आणि एकही मान मागे वळत नव्हती.

“नवीन दिसता!” पास्टर टॅकेट तिचा हात दोन्ही हातांत धरून म्हणाला. त्याने जन्मात कधी खिळे घेतले नव्हते, त्यामुळे तो तिला ओळखत नव्हता. “काही काळजी करू नका. इथे सगळे नवीनच आहेत. ओळखी करून देऊ का?”

“नको,” व्हर्ना घाईने म्हणाली. “हळूहळू होतील.”

बाप्तिस्मा ओढ्यात होता. किडकिडीत पास्टर आणि त्याच्या तिप्पट रॉस्को कमरेइतक्या पाण्यात उतरले. टॅकेटने एक हात पाठीशी लावला, एक छातीशी, आणि त्याला मागे झुकवलं. रॉस्को पाण्याखाली गेला. पास्टरही गेला. रॉस्कोच्या वजनाने त्याचे पाय सुटले आणि ओढ्याने दोघांनाही उचललं. काठावर बायका किंचाळल्या. वर आले तेव्हा दोघं पार पलीकडच्या काठाला लागले होते, आणि कोणी कोणाला बुडवलं हे सांगणं कठीण होतं.

“टेनेसीत गेले,” व्हर्नाच्या तोंडून निघून गेलं.

पण रॉस्को हसत नव्हता. तो चिखलात बसला होता आणि “ओपल, ओपल” म्हणून रडत होता, सगळ्यांच्या देखत. पास्टर त्याच्या शेजारी बसला होता, खांद्यावर हात टाकून, एक अक्षर न बोलता. व्हर्नाने ते बघितलं आणि तिला स्वतःच्या धंद्याबद्दल जरा नम्र व्हावंसं वाटलं. खोटं काही घडलं नव्हतं. उगीच धावत आली होती ती.

नंतर तिला चिकन वाढताना टॅकेट स्वतःच म्हणाला, “तुम्ही नवीन आहात म्हणून सांगतो. मी सोडून चाललो होतो हे. विमा विकणार होतो. मग हे लोक आले. मी बोलावलं नव्हतं, बरं का. आपणहून आले. माणसाला आणखी काय पाहिजे?”

व्हर्नाने चिकन खाली ठेवलं. तिला तो एकदम फार आवडला, आणि त्याच वेळी तिला लख्ख कळलं की आता आपलं लायसन्स येता कामा नये.

कारण लायसन्स आलं, की हे सगळे आपापल्या घरी सोफ्यावर बसून बोलणार. पुलाकडे कोण कशाला फिरकेल? एका गुरुवारी हा माणूस परात घेऊन बाहेर येईल आणि आवार रिकामं असेल.

अर्थात ते आलं. आपल्याला नकोशी झालेली गोष्ट सरकार तत्परतेने देतं. मेलेल्या डॉक्टरांच्या ऐवजी कोणत्यातरी जिवंत डॉक्टरची सही चालली, यंत्राला अंगठा पटला, आणि टेनेसी राज्याला व्हर्ना माणसांची मनं जाणण्यास योग्य वाटली. होबीने घराला फुगे लावले. तिने फुगे बघितले आणि रडायला लागली.

“अगं, चांगली बातमी आहे ना?”

“चांगलीच आहे रे.”

“मग?”

“एक माणूस विमा विकणार आता.”

होबीला काही कळलं नाही, पण तो ऐकत राहिला. तेच त्याचं काम.

न सांगून चालणार नव्हतं. तिने सगळ्यांना कळवलं: आता पूल ओलांडायची गरज नाही, घरी बसून बोललात तरी चालेल. पोस्टातल्याचं उत्तर आलं, ‘छान.’ गणिताच्या बाईचंही तेच. रॉस्कोने उत्तरच दिलं नाही.

गुरुवारी ती जड मनाने पडद्यासमोर बसली. वेळ झाली. पडदा उजळला. रॉस्कोचं भलंमोठं तोंड, मागे गाडीची सीट, आणि बाजूच्या काचेतून दिसणारी झाडाची सावली.

“रॉस्को, तुम्ही तिथे काय करताय? घरी बसायचं होतंत.”

“घरी बसून बघितलं. सकाळी खुर्चीत बसलो, फोन समोर ठेवला. जमेना. मिस व्हर्ना, घरात मी रडलो तर कोण बघतंय? इथे निदान काचेबाहेर कोणीतरी असतं.”

“आणि बाकीचे?”

त्याने फोन फिरवला. गणिताची बाई एका गाडीत, पोस्टातला दुसऱ्या. पलीकडे आणखी गाड्या, तिने न बघितलेल्या. आणि त्यांच्यामधून परात सावरत येणारी एक लांब मान.

“मांडीखाली नको,” व्हर्ना पटकन म्हणाली. “नुसता बंद करा. मी थांबते.”

रॉस्कोने फोन बंद केला नाही. काच खाली केली. त्याचा कान लालबुंद झालेला तिला दिसला, आणि हा आता काय करणार ते तिला त्याच्या आधी कळलं.

“पास्टर,” रॉस्को म्हणाला, “एक सांगायचंय. मी इथे प्रार्थनेला येत नव्हतो. या माझ्या काउन्सेलर. मी पहिल्यापासून यांच्याशी बोलायला येतो. डोकं फिरलं म्हणून नाही. बायको गेली म्हणून.”

हे तो हळू बोलला असता तर वेगळी गोष्ट. पण रॉस्कोला हळू बोलणं माहीतच नाही. शेजारच्या गाड्यांच्या काचा खाली झाल्या.

पास्टर वाकला. फोनमध्ये बघितलं. व्हर्नाचं तोंड ओळखलं. मग एकेका गाडीकडे बघितलं, आणि आणखी दोन गाड्यांत फोन उभा करून ठेवलेला त्याला दिसला. त्याचं तोंड उघडं पडलं.

“सगळेच?” त्याने विचारलं.

“मी नाही,” लांबून कोणीतरी ओरडलं. “मी अंड्यांसाठी येतो!”

टॅकेटने परात गाडीच्या टपावर ठेवली आणि खाली खडीत बसकण मारली. त्याचे खांदे हलायला लागले. रडतोय की काय, म्हणून रॉस्को दार उघडून खाली उतरला, तर पास्टर हसत होता. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर, पोट धरून, एखाद्या शाळकरी पोरासारखा हसत होता.

“म्हणजे मी इतके महिने,” तो श्वास घेत म्हणाला, “परमेश्वरा, मी इतके महिने डॉक्टरच्या खोलीत अंडी वाटत फिरतोय!”

“मग काय झालं?” रॉस्को त्याच्याशेजारी खडीत बसला. “आज मला घरी बसायची मोकळीक आहे. त्यांनाही आहे. आलोच ना आम्ही?”

पास्टरचं हसू हळूहळू थांबलं. त्याने तोंड पुसलं, पण डोळे काही कोरडे होईनात. आता ते हसण्याचं पाणी राहिलं नव्हतं. मग रॉस्कोच्या हातातल्या फोनकडे वळला आणि दबक्या आवाजात म्हणाला, “मिस व्हर्ना, तुमच्याकडे एखादी वेळ रिकामी आहे? माझ्यासाठी. फक्त माझं घर ओढ्यापलीकडे आहे हो. ते चालतं का, मला काही माहीत नाही.”

“चालतं,” व्हर्ना म्हणाली. “आता कुठेही चालतं, पास्टर. तुम्ही बोला.”